लाकडाच्या भट्टीवरची पहिली पाळी

लाकडाच्या भट्टीवर नवीन आलेला माणूस पोचल्या पोचल्या विचारतो, "लाकूड मी कधी घालायचं?" खरं उत्तर "उद्या दुपारनंतर" असं असतं, आणि ते ऐकून त्याचा चेहरा पडतो. त्याआधी लाकूड फोडायचं असतं, शेल्फ घासायचे असतात, मातीच्या गोळ्या वळायच्या असतात, दार रचायचं असतं आणि अख्खी रात्र चहाच्या चुलीएवढा जाळ सांभाळत बसायचं असतं.

तुम्ही चाकावर थोडंफार शिकला आहात, इलेक्ट्रिक किंवा गॅसच्या भट्टीत भांडी भाजून घेतली आहेत आणि आता एखाद्या गटाबरोबर पहिल्यांदा लाकडाची भट्टी लावणार आहात, असं धरून हे लिहितो. आम्ही नऊजण मावळात जी भट्टी चालवतो ती बूरी पद्धतीची आहे, म्हणजे तिची जळणाची पेटी वेगळ्या धाटणीची असते, ती कशी ते पुढे येईल. आतली जागा साधारण ५० घनफूट, भाजायला २८ ते ३० तास, तापमान १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. तुमच्या गटाची भट्टी वेगळी असेल तर तास आणि आकडे बदलतील, माणसांच्या चुका मात्र याच असतील.

आपल्याकडचा कुंभाराचा आवा आणि ही भट्टी यांत गल्लत करू नका. आव्यात मडकी आणि जळण एकत्रच रचलेलं असतं, वर पेंढा, खापऱ्या आणि मातीचा लेप. तिथे ८००-९०० अंशांत काम होतं, आणि माठाला तेवढंच हवं असतं, कारण पाणी पाझरलं तरच ते गार होणार. आपण भाजतो ते स्टोनवेअर, म्हणजे पाणी न पाझरणारी घट्ट भांडी. आपल्या भट्टीत जळण वेगळ्या खोलीत जळतं आणि ज्वाळा भांड्यांमधून वाट काढत मागच्या चिमणीकडे जाते. आपल्याकडे ही विद्या बरीचशी पाँडिचेरीहून आली. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, आणि सुरूच्या लाकडावर भाजायला शिकलेली माणसं तिथून देशभर पसरली. मिळून भाजणं मात्र आपल्याला नवं नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात आजही शेजारची घरं सामाईक भट्ट्या वापरतात.

माती कुठली, ते आधी सांगा

कुठल्याही गटात गेल्यावर पहिलं काम हेच. तुमची माती किती तापमान सोसते ते भट्टी सांभाळणाऱ्याला स्पष्ट सांगा, आणि माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. कुंभाराकडून आणलेली लाल माती ९०० अंशांना छान दिसते. १३०० अंशांत तीच माती आधी फुगते, मग बसते आणि शेवटी काकवीसारखी शेल्फवर पसरते. आमच्याकडे एकाने हौसेने दोन पणत्या मधल्या शेल्फच्या कडेला सरकवून ठेवल्या होत्या. पणत्या गेल्याच, शिवाय खालच्या शेल्फवरचे चार वाडगे आणि एक महागडा सिलिकॉन कार्बाइडचा शेल्फही गेला. तो इसम अजून आमच्यात आहे, आणि संक्रांतीला सुगडं हातात घेतली की सगळे त्याच्याकडे बघतात.

भांडी बिस्क करून आणा, म्हणजे ९५० अंशांच्या आसपास एकदा भाजलेली. कच्ची भांडीही लाकडाच्या भट्टीत लावता येतात, पण पहिल्या खेपेला नको. कच्चं भांडं वाळलंय की नाही हे पाहायची जुनी युक्ती म्हणजे ते गालाला लावायचं. गार लागलं तर आत पाणी आहे. तेच पाणी वाफ होऊन भांडं फोडतं, आणि त्याचे तुकडे दुसऱ्याच्या ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावर, जाऊन चिकटतात.

ग्लेझ लावताना तळ आणि तळापासून वर निदान अर्धा सेंटिमीटर पट्टा कोरा ठेवा. लाकडाची राख स्वतःच वितळून ग्लेझ होते, त्यामुळे तुमचा ग्लेझ नेहमीपेक्षा जास्त ओघळणार हे धरून चाला.

लाकूड

भट्टीच्या खर्चाचा आणि घामाचा मोठा वाटा इथे जातो. आमच्याकडे सुरू, सुबाभूळ, निलगिरी आणि मिळेल तेव्हा आंबा असं सगळं चालतं. झाड कुठलं यापेक्षा लाकूड किती वाळलंय याला महत्त्व आहे. ओलं लाकूड आपली बरीच ताकद स्वतःचं पाणी उकळण्यात घालवतं. तोडून, फोडून, पत्र्याखाली रचून सहा महिने वारा खाल्लेलं लाकूड हवं. दोन फाटे एकमेकांवर आपटा. 'टण्ण' वाजलं तर वाळलंय, 'थप' वाजलं तर थांबा.

फोडून तीन ढीग करा. सुरुवातीसाठी काटक्या आणि बारीक काड्या, मधल्या टप्प्यासाठी मनगटाएवढे फाटे, आणि शेवटच्या तासांसाठी अंगठ्याएवढ्या ढलप्या. नवखे हमखास तिसरा ढीग कमी करतात, आणि मग रात्री आठ वाजता कुणीतरी टॉर्चच्या उजेडात कुऱ्हाड चालवत बसतं. ती वेळ कुऱ्हाडीची नाही. ढलप्या आदल्या आठवड्यातच तयार ठेवा.

रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, जुन्या फर्निचरचे तुकडे आणू नका. त्यांचा धूर विषारी असतो आणि तो तुम्हीच घेणार असता.

आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. पावसाळ्यात विटा स्पंजासारखं पाणी पितात. हंगामातली पहिली भट्टी म्हणून नेहमीपेक्षा सहा-सात तास सावकाश तापवावी लागते, आणि तिच्यात कुणी आपलं लाडकं भांडं ठेवू नये.

भट्टी लावणं

लावायला अख्खा दिवस धरा. सकाळी शेल्फ घासायचे. मागच्या खेपेचे काचेचे थेंब दगडाने घासून काढायचे, तेव्हा मास्क आणि चष्मा घालायचा, कारण ती धूळ सिलिकाची असते. ओढणीने किंवा रुमालाने नाक बांधून भागत नाही. मग शेल्फवर किल्न वॉशचा, म्हणजे ग्लेझ चिकटू नये म्हणून लावायच्या लेपाचा हात.

नव्या माणसाला बसवतात ते गोळ्या वळायला. वॅडिंग म्हणजे अल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले समसमान घेऊन पाण्यात कणकेसारखं मळलेलं मिश्रण. त्याच्या बोराएवढ्या गोळ्या करून प्रत्येक भांड्याच्या तळाला तीन-तीन चिकटवायच्या. चार नको, तीनच, म्हणजे भांडं डगमगत नाही. झाकण आणि भांडं यांच्यामध्येही बारीक गोळ्या हव्यात, नाहीतर झाकण कायमचं बसलंच समजा. हे मिश्रण त्या तापमानाला वितळत नाही म्हणून भांडं शेल्फला चिकटत नाही. दीडशे भांड्यांच्या साडेचारशे गोळ्या होतात. काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यांची भांडी हातात घेऊन बघायला मिळतात. कोणाचा तळ जड आहे, कोणाची कड पातळ, हे मला चाकापेक्षा या गोळ्या लावताना जास्त कळलं.

भांडी आत जाताना रचणारा एकच असतो, बाकीचे हातात देतात. जळणाच्या पेटीसमोरच्या भांड्यांवर राख सर्वांत जास्त बसते, म्हणून तिथे बिनग्लेझची भांडी ठेवतात. मागे, चिमणीकडे, ग्लेझ केलेली. नव्या माणसाला सगळी भांडी पुढे हवी असतात. दोन पुढे द्या, बाकी मध्ये ठेवा. पुढच्या रांगेत नशीब उघडतंही आणि भांडं शेल्फसकट जातंही. भांड्यांत बोटभर अंतर हवं. ज्वाळा पाण्यासारखी वागते, मोकळी वाट मिळेल तिकडे धावते. एका बाजूला गच्च आणि दुसरीकडे पोकळ लावलं तर एक बाजू कच्ची राहते.

झरोक्यासमोर, म्हणजे आत डोकावायच्या भोकासमोर, कोन ठेवायला विसरू नका. कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके. आम्ही ८, ९ आणि १० नंबरचे तीन कोन एका मातीच्या पट्टीत ओळीने रोवतो, वर आणि खाली अशा दोन जागी. तापमापक त्या क्षणीचं तापमान सांगतो. कोन मात्र भांड्यांनी आत्तापर्यंत किती उष्णता पचवली ते सांगतो, आणि भांड्यांना त्याच्याशीच देणंघेणं असतं.

शेवटी दार विटांनी रचायचं, फटींवर मातीचा गिलावा, आणि वर नारळ-हळदकुंकू. आमच्यात दोन कट्टर नास्तिक आहेत. नारळ तेच फोडतात.

पहिली रात्र

आम्ही शनिवारी दुपारी चारला पेटवतो. जाळ पेटीत नाही, खाली राखेच्या तोंडाशी, आणि तोही एवढासाच. पहिले पाच-सहा तास भट्टी १०० ते १२० अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण विटांतलं आणि गोळ्यांतलं पाणी निघायचं असतं. झरोक्यातून आरसा धरून बघा. आरशावर दव साठत असेल तर घाई नको.

मग ताशी ५०-६० अंशांनी चढत जायचं. ५७३ अंशांपाशी मातीतल्या क्वार्ट्झचं रूप बदलतं आणि तो एकदम फुगतो, म्हणून ५०० ते ६५० हा पट्टा अधिकच सावकाश. पहाटेपर्यंत आत मंद लाल उजेड दिसायला लागतो.

ही रात्र कंटाळ्याची असते आणि कंटाळलेला माणूस लाकूड घालतो. रात्रपाळीला किमान दोघं ठेवायचं खरं कारण तेच आहे. दुसरा माणूस गप्पा मारायला नसतो, पहिल्याचा हात धरायला असतो.

अंगात सुती कपडेच हवेत. नायलॉन-पॉलिएस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. केस बांधलेले, पायात चामड्याचे बूट, हातात वेल्डरचे चामडी हातमोजे. झरोक्यात बघताना वेल्डिंगचा काळा चष्मा लावा, आणि तोंड झरोक्याला कधीही चिकटवू नका. आत दाब असेल तेव्हा त्या भोकातून ज्वाळेची वीतभर जीभ बाहेर येते. माझी डावी भुवई एका हंगामात निम्मी होती. भट्टीभोवतीचं वाळलेलं गवत आधी काढून टाका, पाण्याची पिंपं आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवा, शेजारच्या शेतकऱ्याला कळवा. झोपायचं ते भट्टीपासून लांब, मोकळ्या हवेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं तर "जागरणामुळे असेल" म्हणत बसू नका, उठून बाहेर जा. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही.

लाकूड घालणं

सकाळी सहाच्या सुमाराला जाळ वरच्या पेटीत जातो. बूरी पेटीत लाकूड दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवर आडवं टेकतं, हवा वरून येते, ज्वाळा खाली वाकून निखाऱ्यांतून जाते आणि मग भांड्यांकडे वळते. पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं, कारण जाळ वर जातो हे आपण जन्मापासून बघत आलेलो असतो. इथे चिमणी त्याला ओढून घेते.

आता तुमचा नंबर. लाकूड घातल्याबरोबर तापमान आधी उतरतं. थंड लाकूड आत गेलं, तोंड उघडल्याने गार हवा गेली, आणि जळायला लागणारा प्राणवायू कमी पडला. चिमणीतून काळा धूर येतो. मिनिट-दोन मिनिटांत धूर विरळ होतो, चिमणीच्या टोकाची ज्वाळा आखडते, झरोक्यातली जीभ आत जाते, आणि तापमान चढायला लागतं. चढण थांबायच्या बेतात आली की पुढची खेप. हा एक श्वास झाला. सकाळी तो १५-२० मिनिटांचा असतो, रात्री आठनंतर तीन-चार मिनिटांचा. घड्याळ लावून घालू नका. चिमणी बघा, आवाज ऐका. भरलेल्या पेटीचा आवाज घुमतो, रिकामी व्हायला लागली की तो फुरफुरतो. हे मी कितीही लिहिलं तरी तुम्हाला तिसऱ्या तासाला कळेल.

९०० अंशांच्या वर साधारण तासभर रिडक्शन करतो. डॅम्पर, म्हणजे चिमणीची ओढ कमी-जास्त करणारी झडप, थोडा सारून हवा मुद्दाम कमी पाडायची. हवा न मिळालेली ज्वाळा मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेते, आणि लालसर माती करड्या-तपकिरी रंगाकडे वळते. तांब्याचा हिरवा ग्लेझ लाल होतो तोही याच कारणाने. फार हवा कोंडली तर मातीत काजळी अडकते आणि पुढे फुगवटे येतात. डॅम्परला हात भट्टी सांभाळणाऱ्यानेच लावायचा. तुम्ही बघा, विचारा, लिहून घ्या.

११५० ते १२०० अंशांपाशी भट्टी बहुतेकदा अडते. काटा हलत नाही. इथे नवशिका घाबरून लाकूड वाढवतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. काटा अडण्याचं कारण सहसा लाकूड कमी हे नसून हवा कमी हे असतं. निखाऱ्यांचा थर वाढून त्याने खालची वाट बुजवलेली असते. लांब सळईने निखारे हलवा, खालच्या विटा काढून हवा द्या, लाकूड बारीक करा, एका वेळी कमी घाला. दहा मिनिटांत काटा हलतो.

पाळी बदलताना

आमची दुसरीच भट्टी ११८० अंशांवर पाच तास अडली होती. तीन पाळ्यांनी जीव तोडून लाकूड घातलं, ठरलेल्याच्या जवळजवळ दीडपट जाळलं. शेवटी कुणीतरी खाली वाकून बघितलं, तर राखेच्या तोंडाची एक वीट बंद होती. दुपारच्या पाळीने जोराचा वारा आत घुसतोय म्हणून ती लावली होती. लावली ते योग्यच होतं. वारा पडल्यावर काढायची हे सांगायचं राहिलं, कारण पाळी बदलताना गरम भजी आली होती.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. पाळी सहा तासांची, पण नवा माणूस अर्धा तास आधी येतो आणि जुना अर्धा तास थांबतो. त्या अर्ध्या तासात जुना लाकूड घालतो आणि नवा फक्त बघतो. दुसरं म्हणजे वही. दर १५ मिनिटांनी वेळ, तापमान, कुठलं आणि किती लाकूड, डॅम्पर किती इंच, कुठल्या विटा उघड्या. "ठीक आहे" असं वहीत लिहायला बंदी आहे. तिसरं, काही बदललं तर का बदललं ते लाल पेनाने. निर्णय घेणारा एका वेळी एकच असतो. रात्री नऊला कोन वाकायच्या सुमारास सगळेच जमतात आणि प्रत्येकाला काहीतरी सुचत असतं. तेव्हा तुमचं मत खरंच बरोबर असलं तरी ते वहीवाल्याच्या कानात सांगा, भट्टीवाल्याच्या नको.

जेवणाची जबाबदारी पाळीबाहेरच्यांनी घ्यावी. पिठलं-भाकरी चालते, बिर्याणीने झोप येते. बाहेर ओढलेल्या निखाऱ्यांत रताळी भाजतो, पण मीठ किंवा सोडा टाकून भाजायची भट्टी असेल तर तेही नको.

शेवट, आणि मग काही न करणं

१२५० च्या पुढे भांडी ओली दिसायला लागतात. झरोक्यात बारीक ढलपी धरली की तिच्या उजेडात भांड्यावरची चकाकी दिसते. राखेतला चुना आणि पोटॅश मातीतल्या सिलिकाशी मिळून वितळायला लागलेला असतो. ८ चा कोन वाकतो, मग ९ चा. १० चा अर्धा झुकला की वर-खाली सारखं होण्यासाठी अर्धा-पाऊण तास तिथेच धरायचं. खालचा कोन मागे असेल तर डॅम्पर थोडा बदलून ज्वाळा खाली आणतात. वरचा १० पूर्ण लोळला आणि खालचा ९ वर आडून बसला, असंही होतं, आणि मग थांबायचं कुठे यावर वाद होतो. आम्ही वरच्याचं ऐकतो, कारण ग्लेझ शेल्फवर सांडण्यापेक्षा थोडा कच्चा राहिलेला परवडतो.

मग डॅम्पर बंद, सगळी तोंडं विटांनी बंद, फटींना गिलावा. आणि घरी जायचं.

पुढचे तीन दिवस सर्वांत अवघड. कुणीतरी मंगळवारीच "फक्त एक वीट काढून बघू" म्हणणार. नाही म्हणा. गार वारा लागला की गरम भांड्याला तडा जातो, आणि तो तडा कित्येकदा घरी नेल्यावर, आठवड्याने दिसतो. तापमापक १०० च्या खाली गेल्याशिवाय दार उघडायचं नाही.

उघडताना आधी हातमोजे. राखेचे वितळलेले थेंब काचेसारखे धारदार असतात आणि पहिल्या आनंदात बोट कापलं जातंच. भांडी काढताना कुठल्या शेल्फवर, कुठल्या कोपऱ्यात होती त्याचे फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी कुठली जागा मागायची ते त्यावरूनच कळेल. तळाच्या गोळ्या ठोकून काढा, खरखरीत तळ दगडाने घासा. मग प्रत्येक कपात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर त्या कपात पेनं ठेवा, चहा नको.

तुमची निम्मी भांडी तुम्हाला आवडणार नाहीत. ती लगेच कुणाला देऊन टाकू नका, फोडू तर अजिबात नका. एक करडा, ओबडधोबड वाडगा मी दोन वर्षं खिडकीत पालथा ठेवला होता. आता रोजचं दही त्यातच लागतं.

आणि भांडी गाडीत भरून झाली की लगेच निघू नका. भट्टी झाडायची असते, राख चाळून पिंपात भरायची असते, कारण पुढचा राखेचा ग्लेझ तिचाच होतो. शेवटी कुऱ्हाड. जूनमध्ये पाऊस लागायच्या आत पुढच्या हंगामाचं लाकूड फोडून पत्र्याखाली रचलेलं हवं, जमिनीपासून वीतभर उंच, दोन रांगांत हात जाईल एवढी फट ठेवून.